मनाविरुद्ध मनोरुग्णालयात दाखल केलंय? मंडळापुढे दाद कशी मागायची

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ भारतात २९ मे २०१८ पासून लागू आहे. केवळ घरच्यांनी सांगितलं म्हणून कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवणं या कायद्यात बसत नाही. तरीही दाखल झालेली माणसं आणि त्यांचे जवळचे 'कोर्टाची तारीख कधी लागते' याची वाट बघत राहतात. पहिल्या ३० दिवसांत अशी तारीख आपोआप लागेलच असं नाही. सुनावणी मागावी लागते, आणि ती कोर्टाकडे नाही, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकण्यासाठी याच कायद्याखाली नेमलेल्या सहा जणांच्या मंडळाकडे.

आधी कलम विचारा. दाखल केल्याची तारीख आणि कलम केस पेपरवरून उतरवून घ्या. कलम ८६ असेल तर तुम्ही स्वतःहून दाखल झालेले आहात. डिस्चार्ज मागितला की तो द्यावा लागतो. तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. कलम ८९ म्हणजे 'सपोर्टेड ॲडमिशन', रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नाही म्हणून दुसऱ्याच्या अर्जावर दाखल करणं, जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. तिच्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचारांबाबत रुग्णाच्या वतीने काम बघणाऱ्या व्यक्तीचा अर्ज लागतो. शिवाय एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. दोन्ही अहवाल शब्दन् शब्द सारखे दिसले तर ते वकिलाला आवर्जून दाखवा.

वकील फुकट मिळतो. कलम २७ नुसार तो हक्क आहे, आणि त्याची माहिती देणं हे रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांचं कर्तव्य आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. वकिलाची भेट आणि फोन रुग्णालयाला अडवता येत नाही. नेमून दिलेल्या वकिलाने या कायद्याखालचं प्रकरण पूर्वी हाताळलेलं असेलच असं नाही, त्यामुळे ४ (निर्णयक्षमता), ८९ (दाखल करणं) आणि ८० (मंडळाची सुनावणी) ही कलमं तुम्हीच पुढे करा. संकोच नको.

प्रतिनिधी बदलायचा का, ते ठरवा. ज्याच्याशी वाद आहे तोच भाऊ किंवा नवरा प्रतिनिधी म्हणून सही करून बसलेला असतो, हे नेहमीचंच. तुम्ही सज्ञान असाल तर साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यानिशी, विश्वासातल्या दुसऱ्या सज्ञान व्यक्तीला नेमू शकता. आधी कुणाला नेमलं असेल तर तेही बदलता येतं.

मंडळाकडे अर्ज एका पानाचा पुरतो. फी नाही. अर्जदाराचं नाव, संपर्क, रुग्णालय, तक्रार आणि नेमकं काय हवं, एवढं लिहा. स्वतः रुग्ण, प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने एखादी नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. आत असताना लिहिणं शक्यच नसेल तर अपवाद म्हणून तोंडी किंवा फोनवरचा अर्जही मंडळ घेऊ शकतं. मागणी एकच ठेवू नका: 'सोडा, ते शक्य नसेल तर स्वतःच्या इच्छेने उपचार घेणारा रुग्ण म्हणून ठेवा.' कलम ८९ खाली दाखल केल्याविरुद्धच्या अर्जावर मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

सुनावणीत काय बोलायचं. बहुतेक जण इथेच घसरतात. 'मला काही झालेलं नाही' यावर सगळा जोर देतात, आणि समोरच्या सहा जणांत एक मनोविकारतज्ज्ञ बसलेला असतो. आजार आहे की नाही, एवढ्यावर प्रकरण ठरत नाही. प्रश्न दोन आहेत: अलीकडे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा, किंवा स्वतःची काळजी न घेता आल्याने हानी होण्याचा धोका दिसला का? आणि उपचाराबद्दल निर्णय घेण्याची क्षमता आहे का? माहिती समजणं, परिणामांचा अंदाज असणं आणि निर्णय बोलून किंवा खुणेने सांगता येणं, ही क्षमतेची कसोटी. तुमचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो म्हणून क्षमता नाही, असं म्हणता येत नाही. कलम ४ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. या क्षमतेची तपासणी दर सात दिवसांनी व्हायला हवी. त्या नोंदी मागा.

मग बाहेरची सोय मांडा: राहणार कुठे, सोबत कोण असेल, ओपीडीत कुणाकडे जाणार, गोळ्या कशा चालू राहतील. सोबत राहणाऱ्याचं सही केलेलं पत्र जोडा. जमिनीचा वाद, सासरचे टोमणे यांवर दोन वाक्यांपेक्षा जास्त वेळ घालवू नका, ते कितीही खरं असलं तरी. इजेच्या आरोपाशी त्यांचा थेट संबंध असेल तर गोष्ट वेगळी.

सुनावणी रुग्णालयातच आणि बंद दाराआड होते. तुम्हाला स्वतः बोलण्याचा हक्क आहे. समोरचा पक्ष ज्या कागदांवर विसंबून आहे, त्यांच्या प्रतीही मिळतात. निर्णय सुनावणी संपल्यावर पाच दिवसांत लेखी कळवायचा असतो.

३० दिवसांपुढे ठेवायचं असेल तर कलम ९०: दोन मनोविकारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि २१ दिवसांच्या आत मंडळाची परवानगी. आधी ९० दिवसांपर्यंत, मग १२०, मग १८०. मंडळाचा निर्णय पटला नाही तर उच्च न्यायालयात ३० दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी लेखी आदेशाची प्रत हातात पडली की लगेच वकिलाकडे द्या.