वायुदलातील मुलाचे काम पाहायला जाताना: माजी सैनिक वडिलांसाठी

पायदळात किंवा तोफखान्यात उमेदीची वर्षे घालवून हवालदार, सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या अनेकांची मुले आज वायुदलात आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात तर अशी घरे सहज सापडतात, जिथे वडिलांची कसम परेड बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात झाली आणि मुलाचे प्रशिक्षण त्याच शहराजवळ सांब्र्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूलमध्ये. पुढे मुलगा लोहगावला, ओझरला किंवा पंजाब-राजस्थानातील एखाद्या तळावर रुजू होतो आणि वडिलांच्या मनात येते की, तो काम करतो ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी. ही इच्छा अगदी रास्त आहे आणि रीतसर मार्गाने ती पुष्कळदा पूर्णही होते. मात्र सगळी तयारी एकाच कसोटीवर घासून पाहावी: आपल्यामुळे मुलाला कोणाकडे सवलत मागावी लागू नये आणि स्वतःच्या वडिलांना ‘नाही’ म्हणण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

परवानगी आणि कागदपत्रे

हवाई तळ म्हणजे एकच आवार नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. क्वार्टर, मेस, कॅन्टीन, शाळा, मंदिर हे सारे डोमेस्टिक एरियात असते. विमाने, हँगर (विमाने ठेवण्याच्या मोठ्या शेड), कार्यशाळा आणि धावपट्टी टेक्निकल एरियात असतात. मुलाच्या क्वार्टरवर चार दिवस राहायला जाणे आणि त्याच्या हँगरमध्ये पाऊल टाकणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, आणि पहिली मिळाली म्हणून दुसरी गृहीत धरता येत नाही. कुटुंबीयांना टेक्निकल एरियात नेण्याची संधी प्रामुख्याने स्क्वाड्रनच्या किंवा युनिटच्या कौटुंबिक कार्यक्रमाच्या दिवशी येते. त्यामुळे रेल्वेचे तिकीट काढण्याआधी असा दिवस कधी आहे, हे मुलाला विचारावे आणि त्याप्रमाणे तारीख धरावी. ८ ऑक्टोबर हा वायुसेना दिन. त्या सुमारास काही कार्यक्रम आहे का, याची चौकशी अवश्य करावी.

अर्ज मुलानेच करायचा असतो, आणि तोही त्याच्या सेक्शनमधून, वरिष्ठांच्या हातून पुढे जाऊन सुरक्षा अधिकाऱ्यापर्यंत पोहोचतो. आपल्या जुन्या पलटणीतील एखादे साहेब आज मोठ्या हुद्द्यावर असतील आणि एका फोनवर काम होईल, असेही वाटेल. पण तो फोन कृपा करून लावू नये. तो अर्ज ज्यांच्या टेबलावर जाणार असतो, त्यांच्याच हाताखाली आपल्या मुलाला पुढची दोन-तीन वर्षे काढायची असतात, आणि वरून आलेल्या फोनची आठवण भेट संपल्यावरही तिथे राहते.

कागदपत्रांमध्ये खरी अडचण येते ती नावाची. जुन्या फौजी नोंदीत ‘दत्तू’, आधार कार्डावर ‘दत्तात्रय’ आणि मुलाच्या सेवापुस्तकात ‘दत्ताराव’ असे असेल, तर गेटवरच्या पहारेकऱ्याला ही तीन वेगळी माणसे दिसतात. आधार कार्ड, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने दिलेले माजी सैनिक ओळखपत्र आणि मुलाने अर्जात लिहिलेले नाव हे तिन्ही महिनाभर आधी समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे. फरक असेल तर तो लपवू नये, मुलाला अर्जातच नमूद करायला सांगावे. गाडी घेऊन जाणार असाल तर तिचा क्रमांक, आरसी, विमा आणि चालकाचे नाव हेही आधीच कळवावे. रोजची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड जवळ असावे. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर ते मुलाला आवर्जून सांगावे, कारण रडार आणि शक्तिशाली रेडिओ यंत्रणांच्या आसपास अशा व्यक्तीला न्यायचे की नाही, हे तिथल्या लोकांना ठरवावे लागते.

गेटवर

माजी सैनिक ओळखपत्र ही आपली ओळख आहे, प्रवेशपत्र नव्हे. गेटवर उभा असलेला जवान बहुधा डिफेन्स सिक्युरिटी कोअरचा असेल, म्हणजे तोही आपल्यासारखाच एकदा निवृत्त होऊन पुन्हा वर्दी चढवलेला सैनिक. त्याने आपली बॅग उघडायला लावली, गाडीखाली आरसा फिरवला, दोनदा नाव विचारले, तर त्यात अपमान मानण्यासारखे काहीच नाही. २ जानेवारी २०१६ रोजी पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला तेव्हा दहशतवादी लष्करी गणवेशासारख्या कपड्यांत आले होते, आणि तिथे हुतात्मा झालेल्यांमध्ये याच डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे पाच जण होते. त्या पहारेकऱ्याने आपल्याला ‘आपला माणूस’ म्हणून तपासणीशिवाय आत सोडावे, अशी अपेक्षा निदान माजी सैनिकाने तरी ठेवू नये. याच कारणासाठी जुना कॉम्बॅट ड्रेस, फौजी जॅकेट किंवा तशा छापाची टोपी घालून जाणे पूर्णपणे टाळावे.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, कॅमेरा, पेनड्राइव्ह हे जमा करावे लागेल असे धरूनच निघावे. शक्य तर या वस्तू क्वार्टरवर किंवा घरीच ठेवाव्यात, म्हणजे गार्डरूममधील पावत्या सांभाळाव्या लागत नाहीत. मुलाचा नंबर आणि युनिटचे नाव कागदावर लिहून खिशात ठेवावे, कारण फोन हातात नसताना हल्ली स्वतःच्या मुलाचा नंबरही आठवत नाही. तो गेटवर न्यायला येईपर्यंत बाहेरच थांबावे आणि आत गेल्यावर त्याची सोबत सोडू नये.

हुद्दे आणि बोलणेचालणे

कॉर्पोरल म्हणजे आपल्याकडचा नाईक, सार्जंट म्हणजे हवालदार, ज्युनियर वॉरंट ऑफिसर म्हणजे नायब सुभेदार, वॉरंट ऑफिसर म्हणजे सुभेदार आणि मास्टर वॉरंट ऑफिसर म्हणजे सुभेदार मेजर, एवढे डोक्यात ठेवले की समोरच्याचा मान राखता येतो. अधिकाऱ्यांमध्ये फ्लाइट लेफ्टनंट हा लष्करातील कॅप्टनच्या, स्क्वाड्रन लीडर मेजरच्या आणि ग्रुप कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा असतो. इथली सलामीही वेगळी दिसेल: लष्करात उघडा तळवा समोर दाखवतात, तर वायुदलात मार्च २००६ पासून तो जमिनीशी ४५ अंशांच्या कोनात धरला जातो. आपण साध्या कपड्यांत असल्याने सावधान उभे राहून ‘जय हिंद, साहेब’ म्हणणे पुरेसे आणि शोभणारे आहे.

मुलाचे अधिकारी वयाने आपल्या मुलाएवढेच असतील आणि ते आपल्याला नक्कीच आदराने वागवतील, चहा मागवतील, पलटणीची चौकशी करतील. त्या चहाच्या वेळी मुलाची रजा, बदली, क्वार्टर किंवा बढती यांपैकी कशाचाही उल्लेख करू नये. आपण सहज बोललो असे आपल्याला वाटते, पण ऐकणाऱ्याला ती मुलाने वडिलांच्या तोंडून घातलेली मागणी वाटू शकते.

हँगरमध्ये

इथे मात्र आपला सारा फौजी अनुभव बाजूला ठेवून नव्या रिक्रूटसारखे वागावे, कारण रणगाडा किंवा तोफ यांच्याजवळ वावरण्याची सवय विमानाजवळ उपयोगी पडत नाही, उलट घातक ठरू शकते. जेट इंजिन समोरची हवा प्रचंड जोराने आत ओढते आणि त्या हवेबरोबर एखादे नाणे, पेनचे टोपण किंवा खडा आत गेला तरी आतील पाती मोडू शकतात. वायुदलाच्या भाषेत याला एफओडी, म्हणजे बाहेरच्या वस्तूमुळे होणारे नुकसान, म्हणतात, आणि ते टाळण्यासाठी माणसे रांगेने टरमॅकवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या पक्क्या जागेवर, चालत एकेक खडा वेचतात. म्हणून आत शिरण्याआधी शर्टाच्या खिशातील पेन, चष्म्याचे घर, सुटे पैसे, किल्ल्या, तंबाखूची डबी हे सारे काढून ठेवावे. गांधी टोपी, फेटा, उपरणे, मफलर यांपैकी काहीही अंगावर असू नये. पायात चपलेऐवजी घट्ट बसणारे बूट असावेत.

इंजिन चालू असलेल्या विमानाच्या पुढूनही जाऊ नये आणि मागूनही नाही. पुढे काही मीटरवर असलेला माणूसही आत ओढला जाऊ शकतो आणि मागे तप्त झोत असतो. मुलगा दाखवेल त्या रेषेच्या आत राहावे. त्याने दिलेले कानांवरचे संरक्षक निमूटपणे लावावेत, विशेषतः तोफखान्यातून निवृत्त झालेल्यांनी, ज्यांचे कान आधीच अधू झालेले असतात. कॉकपिटपर्यंत नेले गेले, तरी लाल फीत लावलेली पिन किंवा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची मूठ यांकडे हात नेऊ नये. त्या मुठीखाली वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी स्फोटक यंत्रणा असते.

पाहण्यासारखे खरे तर विमानापेक्षाही मुलाचे काम आहे. सुखोई-३० एमकेआय सुमारे २२ मीटर लांब, दोन इंजिनांचे आणि दोन आसनांचे असते, हे कोणत्याही पुस्तकात मिळेल. पण त्याच्या पोटाखाली वाकून आपला मुलगा कोणती झाकणे तपासतो, हे तिथेच दिसते. त्याची हत्यारपेटी पाहावी: प्रत्येक पान्याला ठरलेला खाचा असतो आणि एक जरी जागा रिकामी असेल तरी तो पाना सापडेपर्यंत विमान उडत नाही. फॉर्म ७०० बद्दल त्याला विचारावे. विमानाच्या या नोंदवहीत तंत्रज्ञ सही करतो आणि त्या सहीच्या भरवशावर वैमानिक विमान ताब्यात घेतो. ज्याने आयुष्यभर हत्यार साफ करून कोतमध्ये (पलटणीच्या शस्त्रागारात) जमा केले, त्या बापाला या सहीचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

काय विचारू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. किती विमाने उडण्याच्या स्थितीत आहेत, कुठे जातात, कोणती शस्त्रे लावतात, रात्रीची ड्यूटी कधी असते, या प्रश्नांचे उत्तर देणे मुलासाठी नियमभंग आहे. हे काम शिकायला किती दिवस लागले, कोणी शिकवले, उन्हात पत्रा तापतो तेव्हा कसे करता, हे मनसोक्त विचारावे. गावी परतल्यावर पारावर किंवा माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप गटात तळाचे वर्णन करू नये, आणि स्वतःला अधिकारी म्हणवून कोणी फोनवर मुलाच्या युनिटची चौकशी केली तर काहीही न सांगता मुलाला कळवावे. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तांनाही लागू आहे.

परवानगी नाकारली गेली, तर कारण विचारण्याचा आग्रह धरू नये. सरावाचे दिवस असतील किंवा सतर्कता वाढवलेली असेल. अशा वेळी मुलाच्या सुट्टीत दिल्लीला पालमचे वायुसेना संग्रहालय किंवा गोव्यात बोगमाळोजवळचे नौदल हवाई संग्रहालय गाठावे. तिथे सेवेतून निवृत्त झालेली खरी विमाने उभी आहेत, आणि एखाद्या जुन्या विमानाच्या शेजारी उभे राहून मुलगा आपले काम वडिलांना सविस्तर समजावून सांगू शकतो. जाण्याआधी संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा वार तेवढा पाहून घ्यावा.