सोलापूरचे आई-बाबा आणि अमेरिकेतली सिक्युरिटी क्लिअरन्स: या चुका टाळा

मुलगा अमेरिकन नागरिक झाला, संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या कंपनीत लागला, की सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळायच्या परवानगीसाठी, एसएफ-८६ नावाचा लांबलचक फॉर्म येतो. जुळे सोलापुरात राहणारे आई-बाबा त्या फॉर्मच्या हिशेबात परदेशी नातेवाईक ठरतात. (ग्रीन कार्डवाल्यांनी इथेच थांबावं; क्लिअरन्स नागरिकांनाच मिळते, अपवाद अगदी मोजके.)

"नातेवाईक दाखवले तर नाकारतील"

या भीतीपोटी माहिती गाळणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत परकीय प्रभाव हा मुद्दा आहे, पण नुसतं नातं असल्यानं कुणी बाद होत नाही. नातेवाइकांच्या आडून अर्जदारावर दबाव आणता येईल का, देश कोणता, ते काय काम करतात, अर्जदाराचं घरदार अमेरिकेत किती स्थिरावलंय, हे सगळं एकत्र पाहतात. मुद्दाम खोटं लिहिलं तर मात्र तो फेडरल गुन्हा होतो, आणि अशा अर्जदारावर विश्वास ठेवायचा कसा हा प्रश्न उरतोच.

कोणाला लिहायचं?

आपल्याकडे चुलत, मामे, आते सगळे भाऊच. फॉर्मात आई-वडील, सख्खी-सावत्र भावंडं, मुलं, सासू-सासरे यांचा वेगळा भाग आहे. चुलतभाऊ त्यात येत नाही, पण गेल्या सात वर्षांत त्याच्याशी जिव्हाळ्याचा, सततचा संपर्क असेल तर तो परदेशी संपर्कांच्या भागात लिहावा लागतो. फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकणारा प्रत्येक जण त्यात बसत नाही. शंका असेल तर कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला विचारा, काकांना नको.

वडील झेडपीत मास्तर, भाऊ रेल्वेत, मेहुणा एसआरपीएफमध्ये, हे सोलापुरातलं नेहमीचं चित्र. परदेशी सरकारशी संबंध आहे का, या प्रश्नाला इथे "नाही" लिहू नका. निवृत्तांबाबतही स्पष्ट लिहिलेलं बरं. आईचं लग्नाआधीचं नाव विचारतात, आणि आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदललेलं असू शकतं. दोन्ही द्या. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली १ जून ही जन्मतारीख कागदोपत्री तीच असेल तर तीच लिहा, आणि खरी वेगळी असल्यास टिपणीत सांगा.

सातबाऱ्यावरचं नाव

हा खड्डा बहुतेकांना दिसतच नाही. आजोबा गेले, मग वडील, गावी वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला आणि बार्शीकडच्या दोन एकरांत तुमचंही नाव लागलं. कुणी फोन करून कळवत नाही. परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नसली, तरी वारसानं येऊ शकते. फॉर्म भरण्याआधी महाभूलेखवर सातबारा पाहा. हिस्सा, साधारण किंमत, कसा मिळाला, सगळं लिहा. तुमच्या अमेरिकेतल्या घराच्या आणि बचतीच्या तुलनेत त्या हिश्श्याची किंमत किरकोळ असेल तर ती बाब उलट तुमच्या बाजूनं झुकते. घाईघाईनं हक्कसोड पत्र करू नका. आधी सल्ला घ्या. आईच्या खात्यावर दरमहा पाठवलेले पैसे, जुनं एनआरई (परदेशस्थ भारतीयांचं भारतातलं बँक) खातं, हेही त्यातच येतं.

भारतीय पासपोर्ट सरेंडर केला का, तेही बघा. तो वापरत राहणं भारतीय कायद्यातही बसत नाही आणि तिकडेही प्रश्न उभे करतं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत देतो ते) असेल तर सांगा. पूर्वी भारतात मतदान केलं असेल तर त्याचाही प्रश्न आहे. यादीत नाव अजून आहे म्हणून आता येऊन मत टाकणं अर्थातच नाही.

क्लिअरन्स मिळाल्यावरही गड्ड्याच्या जत्रेला तिकीट काढून परस्पर निघता येत नाही. खासगी परदेश प्रवास आधी कळवावा लागतो.

आक्षेपाचं पत्र आलं तर

कंत्राटदार कंपनीत काम करणाऱ्याच्या क्लिअरन्सच्या अर्जावर संरक्षण खात्याकडून आक्षेपांची यादी आली, तर सविस्तर लेखी उत्तरासाठी २० दिवस असतात. प्रत्येक मुद्द्याला मान्य की अमान्य हे लिहायचं आणि सुनावणी हवी असल्यास त्याच उत्तरात मागायची. वडिलांचं पेन्शन पत्र, फेरफाराची प्रत, पैसे पाठवल्याच्या पावत्या सोलापुरातून मागवायला या दिवसांत वेळ पुरत नाही, म्हणून त्या फॉर्म भरतानाच जमवून ठेवा. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर जोडा.