नको असलेल्या फोटोंचं पोस्टकार्ड, तेही सपाट

नागपुरातल्या प्रत्येक घरात फुटाळा तलावावरच्या एकाच सूर्यास्ताचे सहा-सहा फोटो पडलेले असतात. ते घ्या. आजोबांचा एकुलता एक कृष्णधवल फोटो घेऊ नका. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेलाही नको, पावसात त्याची शाई ओघळते. स्टुडिओतून धुऊन आलेला चार बाय सहा इंची फोटो उत्तम. आपलं पोस्टकार्ड 14 बाय 9 सेंटिमीटरचं, त्यामुळे लांबीत आणि रुंदीत प्रत्येकी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास कागद उरतो. तो सगळा एकाच कोपऱ्याकडून कापला, की कॅमेऱ्याने तिथे छापलेली नारिंगी तारीखही बहुतेक वेळा जाते.

फोटोच्या पाठीवरच पत्ता लिहा, असं सांगणाऱ्यांनी एकदा लिहून बघावं. रंगीत फोटोच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो. बॉलपेन घसरतं, जेलची शाई बोटाला येते. म्हणून मागे 250 जीएसएमची (चौरस मीटरला 250 ग्रॅम वजनाची) पांढरी कार्डशीट लावायची. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

खरी गोची चिकटवण्यात आहे. फेविकॉल वापरू नका. त्यातलं पाणी फोटोचं प्लास्टिक पीत नाही, सगळं कार्डशीटमध्ये जातं. शीट फुगते, वाळताना आकसते आणि फोटोला मागे ओढते. सकाळी कार्डाची पन्हाळ झालेली असते. नागपूरच्या मे महिन्यात तर फोटो मुळातच कोरड्या हवेने चित्राच्या बाजूला वळलेला असतो, म्हणून आधी रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. लवकर वाळावं म्हणून कार्ड कूलरसमोर ठेवणं हा तर शुद्ध वेडेपणा: खसच्या ताट्यांतून येते ती ओली हवा.

दोन्हीकडून चिकटणारी टेप वापरा. तिच्यात पाणीच नाही. फोटो न कापता उलटा ठेवा, पाठ कोरड्या फडक्याने पुसा आणि टेपच्या पट्ट्या काठापासून काठापर्यंत अगदी लगत लावा. फक्त चार कडांना टेप लावली, तर मधे पोकळी राहते आणि तिथे फोटो फुगतो. कार्डशीट हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून बघा. जिकडून सहज वाकते, ती घडी कार्डाच्या लांबीला समांतर यायला हवी. फोटोपेक्षा मोठा तुकडा घ्या, एका कडेने टेकवत, हवा बाहेर काढत दाबा. थोडा तिरपा बसला तरी चालेल, कारण कापायचं अजून बाकी आहे.

आता दोन्ही थर एकदमच कापा, स्टीलच्या पट्टीने आणि नव्या पात्याने. आधी कापून मग चिकटवाल तर कडा कधीच जुळणार नाहीत. पात्याला गोंद लागला की खोबरेल तेलाने पुसा, मग कोरडं करा. कडा चिकट लागत असतील तर टाल्कम पावडरचं बोट फिरवा, नाहीतर कार्डं एकमेकांना चिकटतात.

मागे मधोमध उभी रेघ. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता आणि पिनकोडचे सहा आकडे. (1972 साली पिनकोड आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतात कविता करायचे.)

असं कार्ड साधारण सहा-सात ग्रॅम भरतं. त्याला पोस्टकार्डाचा दर लागेल की पत्राचा, हे जीपीओच्या, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाच्या, खिडकीवर कार्ड दाखवूनच विचारा आणि तिकीट तिथेच डिंकाने लावा.