आई-बाबा म्युनिकला आले की एक दिवस कीमझेला

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की म्युनिकमधली बहुतेक मराठी घरं पहिल्याच आठवड्यात नॉयश्वानस्टाइनच्या राजवाड्याचा बेत करतात. माझं ऐकाल तर त्यांना आधी कीमझे तळ्यावर न्या. गाडी बदलावी लागत नाही, तासाभरात पोचता येतं, चढ जवळजवळ नाहीच, आणि तळं एवढं मोठं की समोरचा काठ धुक्यात असला तर दिसतच नाही. साधारण ८० चौरस किलोमीटर पाणी. इथले लोक त्याला बव्हेरियाचा समुद्र म्हणतात. क्योनिगझे हे दुसरं तळं जास्त देखणं आहे, मान्य. पण तिथे म्युनिकहून जाऊन त्याच दिवशी परत यायचं म्हणजे फ्रायलासिंगला गाडी बदला, बेर्ष्टेसगाडेनला बस धरा. सत्तरीच्या गुडघ्यांना ही धावपळ कशाला? तिथे जायचं तर मुक्काम करून जा.

तिकिटाचं आधी सांगते, कारण तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. तुमच्याकडे डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातल्या लोकल गाड्यांचा महिन्याचा पास, असेल तर तुम्हाला वेगळं काही काढायला नको. पण ते फक्त तुमच्या नावाचं, त्यावर आई-बाबा चालत नाहीत. त्या दोघांसाठी बायर्नटिकेट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट, काढा. ते दिवसभर चालतं, पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं आणि माणसं वाढतील तसं माणशी स्वस्त पडतं. सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी ९ नंतरच चालतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ही अट नाही. तिकिटावर नावांची जागा असते, ती गाडीत बसण्याआधी भरा. आणि हे तिकीट फक्त लोकल गाड्यांना चालतं. साल्झबुर्गकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्याही त्याच मार्गावरून धावतात, त्यात चुकून चढू नका. फलाटावर आर-ई ५ असं लिहिलेली गाडी आपली.

आई-बाबांचे मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा. ही लाइन ऑस्ट्रियाच्या हद्दीकडे जाते, तिथे तपासणी होत असते आणि फोनमधला फोटो दाखवून भागेलच असं नाही. विम्याचा कागद आणि दुपारच्या गोळ्याही त्याच पिशवीत. ही पिशवी एकाच माणसाच्या खांद्यावर राहू दे.

जाताना उजवीकडच्या खिडक्या धरा. रोझनहाइम सुटलं की त्या बाजूला आल्प्स दिसतात. उतरायचं प्रीन स्टेशनला. तिथून बोटीचा धक्का पावणेदोन-दोन किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात स्टेशनजवळूनच कीमझे-बान नावाची छोटी गाडी सुटते. १८८७ सालापासूनची ही गाडी, तिला वाफेचं इंजिन जोडलेलं असेल त्या दिवशी तर मुलांना आणि आजोबांना तिथून हलवणं कठीण होतं. ती चालू आहे का ते आदल्या रात्री बघून ठेवा. नसेल तर बस किंवा सपाट रस्त्याने पायी.

आता डबा, कारण दिवस कसा जाणार ते डब्यावर ठरतं. बेटांवर खाणावळी आहेत, पण शाकाहारी माणसाला तिथे फार निवड नसते, आणि आपल्या आईला बाराच्या ठोक्याला जेवायची सवय असते. मी तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि दशम्या नेते. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्याने संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. शेंगदाण्याची चटणी छोट्या डबीत, लिंबू अख्खं आणि एक सुरी. आल्याचा चहा थर्मासमध्ये नक्की न्या. बोटीवरच्या वाऱ्यात तो मिळाला की आई पुढचे दोन तास थकल्याचं म्हणत नाही. रविवारी जाणार असाल तर सामान शनिवारीच भरा, रविवारी दुकानं बंद असतात. पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या, इथलं नळाचं पाणी खुशाल प्यावं.

कपड्यांचं एकच सांगते: जुलै असला तरी स्वेटर आणि कानाला बांधायला स्कार्फ हवाच. किनाऱ्यावर ऊन चटके देत असतं आणि बोटीच्या वरच्या मजल्यावर दात वाजतात. आई साडीच नेसणार असेल तर पदराला दोन पिना जास्त लावा आणि पायात सपाट बूट द्या. बेटांवरचे रस्ते खडीचे आहेत, चपलेत बारीक खडे जातात.

बोटीचं तिकीट दोन्ही बेटांचं मिळून काढा. आधी मोठं बेट, हेरेनइन्झल. पाव तासात बोट तिथे लागते. राजवाड्याचं तिकीटघर धक्क्याजवळच आहे, आणि राजवाडा तिथून झाडीतून वीसेक मिनिटं चालत. तिकिटावर आत जायची वेळ ठरलेली असते. चाल लक्षात घेऊन ती पुढची मागा, म्हणजे आई-बाबांना घाई होत नाही. चालणं जमत नसेल तर हंगामात घोडागाडी असते.

राजवाड्याची गोष्ट आई-बाबांना वाटेतच सांगून टाका, कारण आत माहिती जर्मन किंवा इंग्रजीत भराभर सांगतात. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने हे बेट १८७३ मध्ये घेतलं. जंगल तोडायला निघालेल्या लाकूड व्यापाऱ्यांच्या हातून ते सुटलं. १८७८ मध्ये त्याने फ्रान्सच्या व्हर्सायसारखा वाडा बांधायला घेतला. १८८६ मध्ये तो वारला आणि वाडा अर्धवटच राहिला. आरशांचं दालन व्हर्सायपेक्षाही लांब आहे. मला स्वतःला मात्र जेवणाच्या खोलीतलं टेबल सर्वांत आवडतं. ते जमिनीतून खाली उतरायचं, खाली नोकर ते वाढून परत वर पाठवायचे, म्हणजे राजाला जेवताना कोणाचं तोंड बघावं लागत नसे. आमच्या लेकाने खाली वाकून फटीत डोकावायचा बराच प्रयत्न केला. आईने त्या खोलीतून बाहेर पडताना एवढंच विचारलं, "रोज एकटाच जेवायचा का गं?" २०२५ मध्ये लुडविगचे राजवाडे जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून लोक आणखी विचारू लागलेत. आत फोटो काढू देत नाहीत, ते आधीच सांगून ठेवा.

बाबांसारखी वाचनाची आवड असलेली माणसं बरोबर असतील तर धक्क्याजवळचा जुना मठही दाखवा. १९४८ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेचा पहिला आराखडा इथे बसून केला होता. त्याचं छोटं प्रदर्शन आहे. बाबा तिथे राजवाड्यापेक्षा जास्त वेळ रमले.

डबा इथेच, झाडाखालच्या बाकावर खाऊन घ्या आणि मग धाकट्या बेटावर जा, फ्राउएनइन्झलवर. गाड्या नाहीत, सायकली नाहीत, आणि सगळं बेट अर्ध्या-पाऊण तासात चालून होतं. मूल पुढे पळालं तरी छातीत धस्स होत नाही, फक्त पाण्याच्या कडेला नजर ठेवा. इथे ७८२ साली स्थापन झालेला ख्रिस्ती जोगिणींचा मठ आहे आणि तो आजही चालू आहे. त्यांच्या दुकानातलं मार्झिपान घ्या. बदामाचं असल्यामुळे आपल्या माणसांच्या जिभेला लगेच ओळखीचं वाटतं.

मासे खाणाऱ्यांनी इथल्या कोळ्यांच्या घरी मिळणारा धुरावलेला रेंके मासा चुकवू नये. आम्ही मूळ रत्नागिरीचे, त्यामुळे बाबा गोड्या पाण्यातल्या माशाला हात लावतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी सोनेरी कातडी शेपटीकडून धरून एका ओढीत सोलली, मधला काटा अखंड उचलून बाजूला ठेवला, वर घरून आणलेलं लिंबू पिळलं आणि पाव न घेता सगळा मासा संपवला. आई शेजारी पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "एवढं पाणी, पण खारा वास कसा नाही गं?"

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. तळ्याच्या काठी ठिकठिकाणी नारिंगी दिवे आहेत. ते मिनिटाला ४० वेळा लुकलुकत असतील तर जोराचा वारा येण्याची शक्यता आहे. ९० वेळा, म्हणजे भराभर, लुकलुकू लागले तर वादळाचा इशारा. आल्प्सच्या पायथ्याशी दुपारचं वादळ फार पटकन चढतं. भाड्याची छोटी होडी किंवा पॅडलबोट घेतली असेल तर पहिल्या इशाऱ्यालाच काठ गाठा, दुसऱ्याची वाट बघू नका. मुलाला पाण्यात डुंबायचं असेल तर प्रीनच्या धक्क्याजवळ प्रीनावेरा हा पोहण्याचा तलाव आहे, तिथे न्या.

परतीची बोट शेवटची धरू नका, तिच्या आधीची धरा. धक्क्यावर उतरल्याबरोबर परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा आणि त्यावरून प्रीनची गाडी ठरवा. मध्ये अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवा, कारण आईला स्वच्छतागृह लागतं आणि मुलाला आइस्क्रीम. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात असू द्या. शनिवार-रविवारी संध्याकाळी साल्झबुर्गकडून येणारी गाडी भरलेली असते, तेव्हा फलाटाच्या टोकाच्या डब्यांकडे जा. तिथे आई-बाबांना जागा मिळायची शक्यता जास्त. न मिळाल्यास कोणालाही नम्रपणे विचारा, लोक उठून जागा देतात.