वर्गासाठी आणि बैठकीच्या खोलीसाठी लेझर प्रोजेक्टर निवडताना

प्रोजेक्टरच्या खरेदीला माहितीपत्रकापासून नव्हे, तर मोजपट्टीपासून सुरुवात करावी. सोलापुरातील शाळा-महाविद्यालयांत आणि कारखान्यांच्या कार्यालयांत ही यंत्रे बसविताना मी ज्या तक्रारी ऐकल्या, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ यंत्रात नव्हते. खोली न पाहताच यंत्र ठरविले गेले होते.

पहिले माप शेवटच्या बाकाचे. पडद्यापासून शेवटच्या बाकापर्यंतचे अंतर चित्राच्या उंचीच्या सहापटीहून अधिक असू नये, असा एक साधा आडाखा आहे. हे अंतर ७.५ मीटर असेल, तर चित्र किमान १.२५ मीटर उंच हवे आणि १६:१० या प्रमाणात त्याची रुंदी २ मीटर येते. आपल्याकडे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाचेही वर्ग भरतात, त्यामुळे इंग्रजी अक्षरे दाखवून घेतलेली चाचणी येथे अपुरी पडते. मागच्या बाकावरून अनुस्वार, रफार आणि उर्दूचे नुक्ते वेगवेगळे दिसतात का, हे पाहावे. त्यासाठी १२८० गुणिले ८०० बिंदूंचे यंत्र वर्गात चालून जाते, परंतु बैठकीत हिशेबाचे बारीक तक्ते दाखवायचे असतील, तर १९२० गुणिले १०८० किंवा १२०० यापेक्षा खाली उतरू नये.

दुसरे माप उजेडाचे, आणि येथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. वरच्या उदाहरणातील पडद्याचे क्षेत्रफळ २.५ चौरस मीटर आहे. ल्युमेन म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण प्रकाश आणि लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. त्यामुळे या पडद्यावर ४,००० ल्युमेनचे यंत्र सुमारे १,६०० लक्स प्रकाश टाकते. खिडक्यांतून त्याच पडद्यावर २०० लक्स उजेड पडत असेल, तर पांढऱ्या आणि काळ्या भागांतील फरक १,८०० भागिले २००, म्हणजे ९:१ एवढाच उरतो. नुसते पाहण्यासाठी ७:१ आणि वाचून निर्णय घेण्यासाठी १५:१ ही प्रमाणे धरतात. त्यामुळे हा वर्ग चित्रांपुरता ठीक आहे, पण मजकुरासाठी कमी पडतो. आता १५:१ गाठण्यासाठी ७,००० ल्युमेनचे यंत्र घ्यावे लागेल. किंवा पडद्याजवळच्या दोन खिडक्यांना जाड पडदे लावून तोच उजेड १०० लक्सवर आणला, तर ४,००० ल्युमेनमध्येच प्रमाण १७:१ होते. चादरींच्या गावात पडद्याच्या कापडाची वाण पडू नये. पडद्यावरचा उजेड मोजण्यासाठी मोबाइलवरील लक्समापक अंदाजापुरता पुरतो. मात्र हे मोजमाप सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत, प्रोजेक्टर बंद ठेवून करावे.

ल्युमेनच्या आकड्यातही मेख असते. पत्रकात एएनएसआय किंवा आयएसओ ल्युमेन, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेले ल्युमेन, लिहिले आहे का, हे पाहावे. नुसता मोठा आकडा असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करावे. एका चिपच्या डीएलपी यंत्रांत, म्हणजे सूक्ष्म आरशांच्या चिपने चित्र उमटविणाऱ्या यंत्रांत, पांढरा प्रकाश भरपूर, पण रंगीत प्रकाश त्या मानाने कमी असू शकतो, आणि काहींना डोळे फिरवताना रंगांच्या रेषा दिसतात. तीन एलसीडीच्या यंत्रांत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी वेगवेगळे पॅनेल असते. त्यांत पांढरा आणि रंगीत प्रकाश साधारण सारखा मिळतो, परंतु त्यांना धूळ अधिक बाधते. नकाशे आणि आकृत्या शिकवायच्या असतील, तर मी दुसरा प्रकार सुचवितो. यंत्रमागाच्या कार्यालयात मात्र बंदिस्त प्रकाशमार्गाचे डीएलपी यंत्र बरे. अशाच एका कार्यालयातील यंत्राचा धूळ अडविणारा फिल्टर मी उघडला, तेव्हा जाळी दिसतच नव्हती. सुताच्या तंतूंचा करड्या नमद्यासारखा थर बोटाने अखंड सोलून निघाला.

लेझरचा प्रकाशस्रोत साधारण २०,००० तासांचा मानला जातो. म्हणजे तेवढ्या तासांनी तो विझतो असे नव्हे, तर त्याची प्रखरता निम्म्यावर येते. वर्षाला २२० दिवस, रोज सहा तास वापर धरला, तर ही १५ वर्षे होतात. त्याआधी पंखा किंवा पॅनेलच बहुधा दगा देईल, म्हणून केवळ ३०,००० तासांच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. आपल्याला लेझरचा खरा उपयोग वीज गेल्यावर होतो. दिव्याच्या यंत्रात तापलेला दिवा थंड होण्याआधीच पंखा थांबतो, दिव्याचे आयुष्य घटते आणि वीज आली तरी थोडा वेळ वाट पाहावी लागते. लेझर मात्र लगेच पुन्हा सुरू होतो. तरीही विजेचा दाब कमी-जास्त होत असल्याने यूपीएस लावावाच.

उन्हाळ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा. अनेक यंत्रांची मर्यादा ४० अंशांची असते आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो. वरच्या मजल्यावरील एका वर्गात दुपारी चित्र आपोआप मंद होते, अशी तक्रार आली. छताला टांगलेल्या यंत्राशेजारी मी थर्मामीटर ठेवला, तर तेथे ४६ अंश होते. खाली फळ्यापाशी ३९. यंत्र फूटभर खाली उतरविले, गरम हवेचे तोंड मोकळे केले आणि तक्रार थांबली. उन्हाळी वर्ग भरत असतील, तर ४५ अंशांपर्यंत चालणारेच यंत्र मागावे.

जागा ठरविताना थ्रो रेशो पाहावा: अंतर भागिले चित्राची रुंदी. २ मीटर रुंदीसाठी १.४ रेशोचे यंत्र २.८ मीटरवर लागते, तर ०.३ चे ६० सेंटिमीटरवर. दुसऱ्या प्रकारात शिक्षकाची सावली पडत नाही आणि झोत डोळ्यांवर येत नाही, म्हणून लहान वर्गात तो उत्तम. मात्र तिरक्या झोतामुळे भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो आणि गुंडाळीच्या पडद्यावर लाटा उमटतात. त्याला ताणलेला पडदा किंवा सपाट, चकाकी नसलेला फळाच लागतो. चित्र सरळ करण्यासाठी कीस्टोनवर, म्हणजे तिरके पडलेले चित्र यंत्रातच चौकोनी करून घेण्याच्या सोयीवर, विसंबू नये. त्यात बिंदू वाया जातात आणि अक्षरे मऊ पडतात.

पैसे देण्यापूर्वी आपल्याच खोलीत, भर दुपारी, आपल्याच धड्याचे पान लावून दाखवायला सांगावे. प्रकाशस्रोताची हमी किती वर्षे आणि किती तास, दुरुस्ती सोलापुरात होते की यंत्र पुण्याला पाठवावे लागते, हे लेखी घ्यावे. फिल्टर असलेले यंत्र असेल, तर दोन जादा फिल्टर त्याच बिलात घ्यावेत.