गुगलच्या जाहिरातीत फोन नंबर कसा द्यावा

गुगल अ‍ॅड्सवर नवीन आलेल्या व्यावसायिकाला हमखास मिळणारा सल्ला असा: हेडलाइनमध्येच मोबाइल नंबर टाका, लोक क्लिक न करता थेट फोन करतील आणि क्लिकचे पैसे वाचतील. हा सल्ला देणाऱ्याने कित्येक वर्षांत जाहिरातीचं खातं उघडलेलं नसतं. २०१३ पासून गुगलवर जाहिरातीच्या मजकुरात फोन नंबर चालत नाही. हेडलाइनमध्ये टाका नाहीतर डिस्क्रिप्शनमध्ये (हेडलाइनखालच्या मजकुरात), जाहिरात नामंजूर होते. आकड्यांमध्ये टिंबं घालायची, मध्ये जागा सोडायची, आकडे अक्षरांत लिहायचे, या युक्त्यांच्या नादी लागू नका. नंबरासाठी स्वतंत्र जागा आहे. तिला कॉल अ‍ॅसेट म्हणतात; जुन्या व्हिडिओंमध्ये ‘कॉल एक्स्टेन्शन’ ऐकाल, ते हेच.

कॅम्पेन, म्हणजे जाहिरातीची मोहीम, तयार आहे असं धरून पुढे जातो. अ‍ॅसेट्समध्ये जा, अधिकच्या चिन्हावर क्लिक करा, कॉल निवडा, देश भारत ठेवा, नंबर टाका, सेव्ह करा. एकच दुकान असेल तर अख्ख्या खात्याला एक नंबर पुरे. नाशिक आणि पुणे अशा दोन शाखा असतील तर प्रत्येक शहराचं कॅम्पेन वेगळं ठेवून तिथला नंबर तिथे जोडा. ज्या देशात जाहिरात दाखवायची तिथलाच नंबर लागतो. दुबईत बसून पुण्यातलं गिऱ्हाईक शोधत असाल, तरी नंबर भारताचाच हवा.

इथपर्यंत पाच मिनिटांचं काम. खरी अडचण पुढे आहे, आणि सुरुवातीच्या काळात मीही इथेच अडकून पडायचो. नंबर सेव्ह होतो, सगळं ठीक दिसतं, आणि मग त्यावर शेरा येतो की नंबरची पडताळणी झालेली नाही. लोक तोच नंबर काढून पुन्हा टाकतात. पुन्हा तोच शेरा. मग कोणीतरी सांगतं, सिम बदला, नाहीतर नवीन खातं काढा. यातलं काहीही करू नका, कारण दोष नंबरात नसतोच. तो नंबर तुमच्याच व्यवसायाचा आहे याचा पुरावा गुगलला हवा असतो आणि तो पुरावा तुमच्या वेबसाइटवर सापडावा लागतो.

वेबसाइटवर नंबर तर आहे, असं प्रत्येक जण सांगतो. पेज उघडून त्या नंबरावर बोट दाबून धरा आणि कॉपी होतो का पाहा. बहुतेक वेळा होत नाही, कारण फ्लेक्सचं डिझाइनच वर बॅनर म्हणून लावलेलं असतं आणि नंबर त्या चित्रात असतो. माणसाला तो दिसतो, पण पडताळणीच्या कामी येत नाही. दुसरा प्रकार, पेजवर फक्त व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं बटण असतं, नंबर कुठेच लिहिलेला नसतो. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो: वेबसाइटवर दुकानाची लँडलाइन आणि जाहिरातीत मालकाचा मोबाइल. आणि काही जण जाहिरातीतून भलत्याच साइटवरच्या पानावर लोकांना पाठवतात, जिथे हा नंबर नसतोच.

उपाय एकच आणि साधा. ज्या पेजवर जाहिरात नेते त्याच पेजवर, वरच्या भागात, चित्रात नव्हे तर आकड्यांत टाइप केलेला तोच नंबर हवा, आणि तळाशी पत्त्याखालीही. त्याला फोन लावणारी लिंक द्या आणि लिंकमध्ये +९१ लावा. लँडलाइन असेल तर +९१ नंतर एसटीडी कोडचं शून्य गळतं: नाशिकचा ०२५३ असेल तर +९१ २५३ आणि पुढचा नंबर. वेबसाइटवाला म्हणेल, डिझाइन बिघडतं, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवून टाकतो. ठाम नकार द्या. नंबर गिऱ्हाइकाला वाचता यायलाच हवा. एवढं झालं की मगच नंबर पुन्हा तपासणीला पाठवा. तरीही अडलं तर वेबसाइटची मालकी सर्च कन्सोलमधून, म्हणजे वेबसाइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनातून, सिद्ध करण्याचा मार्ग आहे.

ही पडताळणी मला जाचक वाटत नाही. खोटे कस्टमर केअर नंबर पसरवून लोकांची बँक खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या आपल्याकडे किती आहेत, हे रोजच्या पेपरात दिसतं. म्हणूनच दुसऱ्या कंपनीच्या नावाचं सर्व्हिस सेंटर असल्याचा आव आणून नंबर देऊ नका. लॅपटॉप-मोबाइलसाठी तांत्रिक मदत विकणाऱ्यांवर तर गुगलने २०१८ पासूनच निर्बंध घातले आहेत. त्या धंद्यात असाल तर पैसे घालण्याआधी नियम वाचा.

आता पैशांचं. मोबाइलवर कोणी तुमच्या नंबरावर टॅप केलं की हेडलाइनवरच्या क्लिकइतकेच पैसे कापले जातात, तुम्ही फोन उचला किंवा उचलू नका. त्यामुळे अ‍ॅसेटचं वेळापत्रक लावायलाच हवं. फोन घ्यायला माणूस असेल तेवढेच तास ठेवा, दुपारी दुकान बंद असेल तर ते तास वगळा. वेळ खात्याच्या टाइम झोनप्रमाणे धरली जाते, म्हणून तो भारताचाच आहे ना, एकदा बघून घ्या. अनोळखी नंबर न उचलणाऱ्या मालकाचा खासगी मोबाइल तर कधीच देऊ नका.

कॉल रिपोर्टिंगचा, म्हणजे जाहिरातीवरून आलेल्या फोनची नोंद ठेवण्याचा, पर्याय दिसत असेल तर चालू करा. किती सेकंदांचा फोन कामाचा धरायचा हे तिथे ठरवता येतं, सुरुवातीला ६० असतं. खानावळीत टेबल राखायला २० सेकंद पुरतात, पेस्ट कंट्रोलचा दर समजावायला दोन मिनिटं लागतात; आपल्या धंद्याप्रमाणे आकडा बदला. आणि पहिल्या आठवड्यात फोन घेणाऱ्याला प्रत्येक कॉल कशासाठी आला ते वहीत लिहायला सांगा. नोकरी मागणारे आणि भलत्याच कंपनीची तक्रार घेऊन येणारे दिसले की ते शब्द त्याच दिवशी निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसू नये त्या यादीत) टाका.