डिप्लोमसीच्या डावात पहिला करार कसा करावा

नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी, बाहेर पडणे अशक्य असताना, सात जणांनी घरात बसून खेळावा असा डिप्लोमसीसारखा दुसरा पटावरचा खेळ मला माहीत नाही. 1959 मध्ये ॲलन कॅलहॅमर यांनी प्रकाशित केलेल्या या खेळात प्रत्येक जण पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील एक सत्ता चालवतो, फासे नसतात, सर्वांच्या चाली लिहून एकाच वेळी उघडल्या जातात आणि दिलेला शब्द पाळण्याचे बंधन नियमांत कुठेही नाही. त्यामुळे 34 पैकी 18 केंद्रे, म्हणजे सैन्य पोसणारे प्रांत, जिंकण्यासाठी विश्वास हाच खरा आधार ठरतो.

‘आपण मित्र राहू’ एवढ्यावर कधीही थांबू नये. करारात कोणता प्रांत, कोणत्या हंगामापर्यंत (खेळातील वर्षात वसंत आणि शरद अशा चालींच्या दोन फेऱ्या असतात) आणि कोणाच्या सैन्याने मोकळा ठेवायचा, हे स्पष्ट ठरवावे. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यातील काळा समुद्र हे याचे उत्तम उदाहरण आहे: पहिल्याच वसंतात सेवास्तोपोल आणि अंकारा येथील आरमारांनी ठरवून तेथे चाल केली, तर समान बळामुळे दोन्ही आरमारे जागीच राहतात, समुद्र रिकामा राहतो आणि एकमेकांवर आंधळा विश्वास ठेवण्याची गरजही उरत नाही, कारण एकाने चाल टाळली तर समुद्र दुसऱ्याला मिळतो. माझ्या मते नवख्या जोडीदाराशी पहिला करार असाच असावा, म्हणजे भंग झाल्यास तो तत्काळ दिसेल. त्यानंतरच रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यामधील गॅलिसियासारख्या नाजूक प्रांताविषयी बोलणी करावीत, आणि शरद ऋतूनंतर जोडीदार नवे सैन्य कोठे उभारतो, याकडे त्याच्या शब्दांपेक्षा अधिक लक्ष द्यावे.